परिसर देखभालीचा पर्यवेक्षक नेमके काय करतो? (ऑनलाईन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

खडूची भुकटी

आमच्या विभागाच्या जिन्यावरचे छत गेल्या पावसाळ्यापासून गळत आहे. वारंवार लेखी पाठपुरावा केल्यानंतर ऑनलाईन प्रणालीत ती तक्रार ‘पूर्ण’ झाल्याचे दिसते. जिन्यातली बादली मात्र अजून जागची हललेली नाही. दुपारी तीनच्या सुमारास देखभाल विभागाची माणसे चिंचेखाली चहा घेत असतात आणि त्यांचे पर्यवेक्षक शेजारी उभे राहून मोबाईल पाहत असतात. माझे प्रामाणिक मत असे की पर्यवेक्षक हे पदच रद्द करावे. हजेरी बोटाच्या ठशाने घ्यावी, काम झाल्याचे छायाचित्र कामगारांनी स्वतः अॅपवर चढवावे आणि वाचलेल्या पगारातून ते छत दुरुस्त करावे.

मुकादम

हेच अनावश्यक पद मी एका विद्यापीठाच्या परिसरात सांभाळतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. प्राध्यापक महोदयांनी क्षमा करावी.

छत जिथे ठिबकते तिथे ते फुटलेले नसते. पाणी गच्चीवरच्या कोब्यातल्या भेगेतून किंवा पर्जन्यनळाच्या तोंडाशी उखडलेल्या गिलाव्यातून आत शिरते, स्लॅबमधून वाट काढते आणि पंख्याच्या हुकातून किंवा वायरिंगच्या नळीतून खाली उतरते. खालून पुट्टी भरणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे आहे, परंतु विभागप्रमुखांना दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार असतात म्हणून तेच करावे लागते आणि त्याच कामाची नोंद ‘पूर्ण’ अशी होते. वॉटरप्रूफिंगसाठी पृष्ठभाग कोरडा लागतो, म्हणजे पावसाळ्यात ते काम करता येत नाही. ऑक्टोबरमध्ये मी अंदाजपत्रक पाठवतो. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, सर्वांत कमी दराचा कंत्राटदार, आणि कार्यादेश हाती पडेपर्यंत ३१ मार्च उलटून निधी परत गेलेला असतो, किंवा मेअखेरीस आभाळ भरून आलेले असते.

ज्या माणसांकडून मी काम करून घेतो त्यांना नेमण्याचा किंवा काढण्याचा अधिकार मला नाही, कारण ती कंत्राटदाराची माणसे आहेत. टाकीचा साधा बॉलकॉक हवा असला तरी मागणीपत्र भांडारात जाते आणि ‘शिल्लक नाही’ असा शेरा मारून परत येते. मोबाईलवर मी जे पाहत असतो ते बहुधा आपल्यासारख्यांचेच संदेश असतात. तीन वाजताच्या चहाबद्दल सांगायचे तर त्या माणसांची पाळी सकाळी सात वाजता सुरू होते, कारण आपल्या पहिल्या तासाच्या आधी टाक्या भरलेल्या असाव्या लागतात.

गंमत अशी की विद्यापीठाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असे कळताच या सगळ्या मंजुऱ्या चार दिवसांत मिळतात. मग ओल्या भिंतीवर रंग चढतो, समिती जाते आणि महिन्याभरात त्या रंगाला फोड येतात. फोड आल्याची तक्रार पुन्हा माझ्याकडेच येते.

निवृत्त शाखा अभियंता

मुकादम यांचे म्हणणे वाचून डोळ्यांत पाणी आले, परंतु फार काळ टिकले नाही. निविदा, मान्यता आणि ३१ मार्च आमच्या काळीही होते, आणि तेव्हा कागद हाताने पुढे सरकत असे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक गच्चीवर एक बिगारी, एक घमेले आणि एक खराटा एवढे पाठवायला कोणती ई-निविदा लागते? निम्म्या गळत्या पर्जन्यनळाच्या तोंडाशी गुलमोहराच्या शेंगा आणि पाला अडकल्यामुळे होतात, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. पाणी तुंबते, घोट्याएवढे तळे साचते आणि मग ते जिथे फट मिळेल तिथून उतरते. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असताना मुळासकट उपटले तर काही खर्च येत नाही; मनगटाएवढे झाले की भिंत फोडावी लागते. मी दर पावसाळ्याआधी स्वतः शिडीने वर चढत असे. हल्लीचे पर्यवेक्षक गच्चीची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करण्यातच जून घालवतात.

खोली २१४

या चर्चेत वसतिगृहाचे नावही निघालेले नाही, म्हणून लिहितो. आमच्या मजल्यावर रोज सकाळी साडेसहाला वीज जाते. वायरमनदादा येतात, बटण वर करतात, ‘रॉड वापरू नका’ असे सांगतात आणि निघून जातात. ही देखभाल असेल तर ती आम्हालाही जमते.

मुकादम

अभियंता साहेबांना नंतर उत्तर देतो, आधी हे रॉडचे प्रकरण घेतो.

बाजारात मिळणारा पाणी तापवण्याचा रॉड साधारण १५०० वॅटचा असतो, म्हणजे तो साडेसहा अँपिअर ओढतो. चार खोल्यांच्या प्लगना मिळून १६ अँपिअरचा एक एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारे बटण, आहे. तीन खोल्यांत एकाच वेळी रॉड लागले की तो पडणारच, कारण त्यासाठीच तो बसवलेला आहे. वीज जाते याला आपण बिघाड म्हणता. माझ्या दृष्टीने त्या पेटीतली तेवढी एकच वस्तू नीट चालते आहे. मागच्या हिवाळ्यात एका मजल्यावर वीज जाणे अचानक थांबले म्हणून मी पेटी उघडून पाहिली, तर कोणीतरी १६ चा एमसीबी काढून तिथे ३२ चा बसवलेला होता. आतली तार अडीच चौरस मिलिमीटरचीच होती. तिचे आवरण तपकिरी पडून कडक झाले होते आणि नखाने टोकरताच त्याचा पापुद्रा निघाला. त्या मजल्यावर साठ मुले झोपतात. हे काम ज्या विद्यार्थ्याने केले तो विद्युत अभियांत्रिकीचा असावा अशी मला दाट शंका आहे.

खोली २१४

साहेब, आम्ही हौस म्हणून रॉड वापरत नाही. गच्चीवर पाणी तापवणाऱ्या सौर संचांची रांग आहे, तिच्या शेजारी उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे आणि नळाला मात्र गार पाणी येते. वरच्या मजल्यावर निदान सात वाजेपर्यंत कोमट तरी मिळते. तळमजल्यावर बादली भरून ओतावी लागते तेव्हा कुठे गरम पाण्याची चाहूल लागते, आणि तोपर्यंत ते संपलेले असते. परीक्षा डिसेंबरच्या थंडीत असतात. आम्ही काय करावे, तेही एखाद्या परिपत्रकाने कळवावे.

मुकादम

तळमजल्याचे म्हणणे खरे आहे आणि त्याचे कारणही साधे आहे. टाकी गच्चीवर आहे, खालपर्यंतचा नळ लांब आहे आणि रात्रभर त्यात थंडावलेले पाणी आधी बाहेर पडावे लागते. ते पाणी टाकीत परत नेणारी नळी मूळ आराखड्यातच नव्हती. राहिला प्रश्न संचाचा. परिसरातील पाणी बोअरचे आहे आणि इतके जड आहे की संचाच्या आत क्षारांचा थर बसतो. तो आम्लाने धुऊन काढावा लागतो, आणि ते काम वार्षिक देखभाल करारात असायला हवे. पुरवठादाराची मोफत देखभालीची मुदत संपल्यावर करार झालाच नाही. त्याची फाईल आहे. ती कुठे आहे हे मी सांगू शकतो; ती पुढे का सरकत नाही हे सांगण्याइतकी माझी नोकरी पक्की नाही.

निवृत्त शाखा अभियंता

पाण्याची कठीणता संच बसवण्याआधी तपासायची असते. त्या वेळी तपासणी अहवालावर सही कोणाची होती?

मुकादम

आपल्याच पिढीतील एका साहेबांची होती. सुदैवाने ते वेळेवर निवृत्त झाले.

चुना-विटा

माझे क्षेत्र जुन्या इमारतींचे जतन हे आहे, म्हणून थोडे वेगळे बोलते. १८७१ मध्ये पूर्ण झालेली गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत किंवा मुंबई विद्यापीठाचा १८७८ चा राजाबाई टॉवर यांच्याबद्दल सर्वांना आस्था असते, आणि ती असलीच पाहिजे. अशा बांधकामात दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडच झिजू लागतो. तिथे चुनाच लागतो, हे आता अनेकांना पटले आहे. मात्र सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या वसतिगृहांना कोणीच वाली नाही. त्यांचे भिंतीत गाडलेले लोखंडी नळ आतून गंजले आहेत, सळया फुगून स्लॅबचे पोपडे पडत आहेत आणि तरीही देखभाल म्हणजे रंगकाम अशीच आपली समजूत आहे. या धाग्यावरही एक जिना आणि एक रॉड यांच्यापलीकडे चर्चा गेलेली नाही.

ओव्हरटाईम

चर्चा कुठे गेली नाही ते मी सांगते. ज्यांच्या चहाचा हिशेब इथे मांडला जात आहे त्यांपैकी एक माझे वडील आहेत. शहर आणि विद्यापीठ कोणते ते सांगणार नाही. ते प्लंबर आहेत. दर निविदेनंतर कंत्राटदार बदलतो आणि त्यांची सेवा कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. वेतन बँकेत पूर्ण जमा होते आणि त्यातील काही रक्कम मुकादमाच्या माणसाकडे रोख परत द्यावी लागते. कापलेला भविष्य निर्वाह निधी खात्यात कित्येक महिने दिसत नाही. वेतनवाटपाच्या वेळी मूळ मालकाच्या प्रतिनिधीने हजर राहून ते झाल्याचे प्रमाणित करावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर होती. हे प्रमाणपत्र आजवर कोणी कसे दिले, हे येथील मुकादमांनी सांगावे. सर्वांत कमी दराची निविदा कशी परवडते, हा प्रश्न अभियंत्यांना पडत नाही. सिमेंटचा दर कमी होत नाही, नळाचा होत नाही. तो माझ्या वडिलांच्या पाकिटातून कमी होतो.

निवृत्त शाखा अभियंता

आपल्या वडिलांबद्दल सहानुभूती आहे. तरीही कायम कर्मचारी असताना काय परिस्थिती होती ते मी पाहिले आहे. सकाळी मस्टरवर सही आणि त्यानंतर दिवसभर माणूस दिसत नसे. कंत्राटी पद्धत आकाशातून पडलेली नाही.

ओव्हरटाईम

ती माणसे दिसत नव्हती तेव्हा पर्यवेक्षण करण्यासाठी आपण नेमलेले होता. गच्चीवर चढण्याचा अभिमान सांगताना आपण हे विसरलात. कामचुकार चार आणि शिक्षा पुढच्या सगळ्या पिढीला, हा कोणता न्याय? आणि कायम असोत की कंत्राटी, घाणीत हात घालायची वेळ आली की नेमकी कोणत्या वस्त्यांतली माणसे बोलावली जातात, हेही आपण पाहिलेच असेल.

मुकादम

माझ्या माणसांकडून मी कधी रुपया घेतलेला नाही, परंतु असे मुकादम आहेत हे नाकारत नाही. प्रमाणपत्राबद्दल बाईंनी विचारलेले खरे आहे: कंत्राटदार बँकेची यादी जोडतो, त्या यादीवर वरून सही होते आणि रोख परत गेलेल्या रकमेची यादी कोणी जोडत नाही.

घाणीत हात घालण्याबद्दल मात्र एक सांगितलेच पाहिजे. वसतिगृहामागील चेंबर तुंबला तेव्हा ‘एक माणूस उतरवा आणि मोकळे करा’ असा निरोप मला आला होता. झाकण काढल्यावर अंड्यासारखा कुजका वास आला. तो वायू जास्त झाला की वाससुद्धा येईनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. मी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गटार मोकळे करणारे जेटिंग मशीन मागवले, ते दुसऱ्या दिवशी आले, आणि ‘पर्यवेक्षकाच्या हलगर्जीमुळे रात्रभर गैरसोय’ अशी तक्रार सत्तर सह्यांनिशी कुलसचिवांकडे गेली. छायाचित्र चढवणाऱ्या अॅपने त्या रात्री काय केले असते, हे प्राध्यापक महोदयांनी सांगावे.

खोली २१४

त्या सह्यांत माझी नव्हती, एवढेच सांगतो. रॉड वापरणे धोक्याचे आहे हे मान्य. गार पाण्याने आंघोळ करणे हा आता अभ्यासक्रमाचा भाग आहे, तर त्याचे श्रेयांकही द्यावेत.

खडूची भुकटी

माणूस उतरवला नाही हे योग्यच झाले, आणि अॅपला तसा नकार देता आला नसता, हे मी मान्य करतो. पद रद्द करण्याची सूचना तूर्त मागे घेतो. चहाबद्दलचे मत मागे घेत नाही. मात्र एक विचारतो. फाईल कुठे अडकली आहे हे मुकादमांना ठाऊक आहे, आणि आम्हाला प्रणालीत फक्त ‘प्रलंबित’ किंवा ‘पूर्ण’ दिसते. मग आमचा राग त्यांच्यावर निघणार नाही तर कोणावर? ‘कोणाच्या टेबलावर आणि किती दिवस’ असा तिसरा रकाना त्यात का नाही?

निवृत्त शाखा अभियंता

तो रकाना आला तर एका महिन्यात प्रणालीच बंद पडेल. तोवर गच्च्या झाडून घ्या.

मुकादम

झाडून घेतल्या आहेत. या वेळी किल्ली एप्रिलमध्येच मिळवली; साहेबांचा टोमणा वाया गेला.

त्या रकान्याची मागणी मी लेखी केली होती. ‘विषय आपल्या कक्षेतील नाही’ असे उत्तर आले. अध्यापकांच्या सह्यांचे पत्र असेल तर ते निदान बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे लागते. मजकूर मी लिहून देतो, सौर संचाची आणि जिन्याच्या छताची फाईल कोणत्या तारखेपासून कुठे आहे तेही जोडतो. पत्रात माझे नाव नको. सह्या आपण आपल्या विभागापासून सुरू कराव्यात. वसतिगृहातून सत्तर सह्या एका रात्रीत मिळतात, हा अनुभव आहेच.