गच्चीवर बिया पेरून फुलझाडं करायचीत, फुलपाखरं आणि हमिंगबर्ड यायला पाहिजेत (सोलापूर)

जुळेसोलापूर_गच्ची:
नमस्कार मंडळी. आमची वरची गच्ची मोकळीच पडलीय, सकाळपासून दुपारी तीनपर्यंत कडक ऊन असतं. मुलीला शाळेत फुलपाखराचं जीवनचक्र शिकवलं तेव्हापासून तिचा एकच धोशा, आपल्याकडे फुलपाखरं का येत नाहीत. म्हणून ऑनलाइन एक बियांचं पाकीट मागवलं, त्यावर "फुलपाखरं आणि हमिंगबर्डसाठी मिक्स" असं लिहिलंय, आणि मागं नावं बघितली तर ल्युपिन, फॉक्सग्लोव्ह, कोलंबाइन असलं काय काय आहे, त्यातलं एकही नाव मी सोलापुरातल्या नर्सरीत ऐकलेलं नाही. आता मे संपत आला, लगेच पेरू का पावसाची वाट बघू? हमिंगबर्ड खरंच येतात का आपल्याकडं? आणि नळाला रोज पाणी नसतं, टाकीतलं जपून वापरावं लागतं, त्यामुळं कमी पाण्यात भागेल असंच सांगा प्लीज.

माळरानवाला:
दादा, हमिंगबर्ड सोलापुरातच काय, अख्ख्या भारतात येत नाही. त्याच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत पण सगळ्या अमेरिका खंडातल्या, अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत. आपल्याकडं तेच काम करतो तो सूर्यपक्षी, म्हणजे शिंजीर. तुम्ही बघितलेला असणार नक्की, जास्वंदीवर येतो, बोटभर लांबीचा, चोच बारीक आणि वाकडी, विणीच्या दिवसांत नर लांबून काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो, मादी वरून मातकट आणि खालून पिवळी. फरक एवढाच लक्षात ठेवा की हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो, आपला शिंजीर कधीतरी थोडा वेळ फडफडतो पण त्याला बसूनच प्यायला आवडतं. म्हणून त्याच्यासाठी झाड असं पाहिजे की देठावर त्याला बसता येईल, नाहीतर कुंडीत एक काटकी खोचून ठेवा.

आणि संध्याकाळी फुलांसमोर भिरभिरणारं, लांब सोंडेचं काहीतरी दिसलं तर तो हॉकमॉथ, पतंग आहे. बरेच लोक त्याचा व्हिडिओ काढून हमिंगबर्ड म्हणून टाकतात.

पाकिटाबद्दल स्पष्टच सांगतो, फॉक्सग्लोव्ह आणि ल्युपिन थंड हवेची झाडं आहेत, फॉक्सग्लोव्हला तर बहुतेक वेळा फुलं दुसऱ्या वर्षी येतात आणि मध्ये थंडी लागते. आपल्या ४२-४३ डिग्रीत ती जगणार नाहीत. त्यात झिनिया, कॉसमॉस असेल तर तेवढ्या बिया ओळखून वेगळ्या काढा.

होटगीरोड_कुंड्या:
भाऊ, मे महिन्यात पेरू नका, उगवलं तरी कोवळं रोप दुपारच्या उन्हात करपतं. मृगाचा एखादा चांगला पाऊस होऊ द्या, मग पेरा, म्हणजे श्रावणात फुलं लागतात आणि फुलपाखरांचा खरा सीझन पाऊस सरताना असतो, तेव्हा तुमची झाडं ऐन बहरात असतील.

काय लावायचं तर झिनिया, पिवळा-केशरी कॉसमॉस, झेंडू आणि टिथोनिया, म्हणजे मेक्सिकन सूर्यफूल. ही चारही आपल्या उन्हाला घाबरत नाहीत आणि मुळं धरली की पाण्यालाही फार हट्ट करत नाहीत. झिनिया घेताना साध्या एकेरी पाकळीची घ्या, गुबगुबीत गोंड्याची नको, कारण मध असतो मधल्या बारीक पिवळ्या फुलांत आणि गोंड्याच्या जातीत त्या जागीपण पाकळ्याच भरलेल्या असतात, दिसायला छान पण फुलपाखरू बसतं आणि उपाशी उडून जातं. झेंडूचंही तसंच.

माती मात्र नीट करा. आपली काळी माती एकटी वापरली की पाणी घातल्यावर वर पापडी धरते आणि अंकुर खालीच अडकतो. मी निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट खोल, जास्त नाही. झिनिया-झेंडू आठवड्याच्या आत वर येतात. पाणी मगानं ओतू नका, स्प्रेनं द्या, नाहीतर बिया एका कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि सतत ओलं राहिलं तर रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. पहिली दोन बीजपत्रं सोडून चार खरी पानं आली की संध्याकाळच्या वेळी मोठ्या कुंडीत हलवा आणि तीन-चार दिवस ग्रीन नेटखाली ठेवा. लहान कुंडी घेऊ नका, ती दुपारपर्यंत कोरडी पडते, मोठीत ओल टिकते आणि वरून पालापाचोळा टाकला की अजून पाणी वाचतं. झिनिया दाटीत लावली की पावसाळ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते, तेव्हा वीतभर तरी अंतर ठेवा. टिथोनिया पुरुषभर उंच जाते आणि गच्चीवर जून-जुलैत वारं केवढं असतं तुम्हाला माहीतच आहे, काठीला बांधाच.

शिंजीरसाठी गणेशवेल लावा की! लाल बारीक नळीसारखी फुलं, बी कडक असतं म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून पेरा, आणि कठड्याला सुतळ्या बांधून द्या, भराभर चढते.

जुळेसोलापूर_गच्ची:
खूप धन्यवाद दोघांना, ताई तुम्ही तर सगळंच सांगितलंत. अजून एक विचारायचं होतं. खाली अंगणात कढीपत्ता आहे, त्यावर हिरव्या अळ्या पडतात आणि पानं फस्त करतात, आई औषध मारायचं म्हणतेय. आणि साखरपाण्याची बाटली टांगली तर पक्षी लवकर येतील का?

माळरानवाला:
औषध अजिबात मारू नका, आईंना माझ्याकडून हात जोडून सांगा! त्याच अळ्यांची फुलपाखरं होतात. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. लहानपणी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पांढरी-काळी, मोठी झाल्यावर हिरवीगार होते. मुलीला रोज नेऊन दाखवा, पुस्तकातलं सगळं अंगणात घडतंय. कढीपत्ता पुन्हा फुटतो, जोमानं फुटतो. नुसती मधाची फुलं लावली तर फुलपाखरं येतात, पितात आणि जातात, अंडी घालायला झाड असेल तर ती तिथंच फिरत राहतात.

म्हणून हळदी-कुंकूचं बी मिळवा, लाल-पिवळी फुलं, फुलात मधही आणि पानावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्याही. चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका, मुलगी हाताळणार असेल तर हात धुवायला लावा. प्लेन टायगर रुईवरही वाढतो, त्यामुळं शेजारच्या प्लॉटमधली रुई कुणी तोडत असेल तर थांबवा. कुंड्यांमध्ये घोळ उगवली तर तीही सगळी उपटू नका, डॅनेइड एगफ्लाय हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं.

साखरपाण्याचं मला पटत नाही. उन्हाळ्यात ते लगेच आंबतं, मुंग्या येतात आणि बाटली रोज धुवायला कुणाला होतं? त्यापेक्षा एका ताटलीत ओली माती ठेवा, फुलपाखरं त्यातले क्षार प्यायला बसतात, त्याला चिखलपान म्हणतात. फार पाणीही लागत नाही.

विजापूररोडवाले_काका:
घाणेरी लावा ना, खत न घालता वाढते आणि तिच्यावर फुलपाखरांची जत्रा असते.

होटगीरोड_कुंड्या:
काका, येतात खरी, पण तिची फळं पक्षी खातात आणि बी माळावर जाऊन पडतं, मग तिथलं गवत दबतं. गच्चीवर मुद्दाम कशाला लावायची? तेरडा पेरा, साल्व्हिया पेरा, लाल साल्व्हियावर शिंजीरही येतो.

आणि भाऊ, एक राहिलं. फुलं सुकली की खुडत राहा म्हणजे नवीन येतात, पण दिवाळीच्या सुमारास एकेका झाडावरची चांगली फुलं तशीच वाळू द्या. झिनियाची वाळलेली पाकळी ओढली की टोकाला बी येतं, कॉसमॉसचं काळं सुईसारखं असतं. सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. माझ्याकडं गणेशवेल आणि हळदी-कुंकू दोन्हीचं बी आहे, पाऊस पडायच्या आत मेसेज करा, देते.