मदत हवी आहे: सासूबाईंसाठी घरीच क्रुसाची वाट

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या क्रूसमरणाच्या प्रवासातली चौदा स्थानं, म्हणजे टप्पे, एकेक घेत करायची प्रार्थना) चुकवायची नाही, हा सासूबाईंचा वसईपासूनचा नेम. आता त्या पुण्यात आमच्याकडे आहेत. गुडघ्यांमुळे चर्चचा जिना चढवत नाही, म्हणून घरीच करायचं ठरवलं.

मोबाईलवर व्हिडिओ लावून पाहिला. वेग इतका, की त्यांची 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना निम्म्यावर असतानाच पुढचं स्थान सुरू. एका पुस्तिकेवरून मी वाचून दाखवलं, पण ती निघाली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 मध्ये रोमच्या कोलोसियमला केलेल्या बायबलआधारित मांडणीची. त्यात गेथसेमने बागेपासून सुरुवात, येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका नाही, येशूचं तीनदा पडणंही नाही. सहाव्या स्थानाला वेरोनिका नाही म्हटल्यावर सासूबाईंनी पुस्तिका मिटूनच ठेवली! (मला ती मांडणी आवडली, पण माझं कोण ऐकतंय.)

त्यामुळे हवी ती जुनीच चौदा स्थानं, मराठीत, मोठ्या अक्षरात, छापील. इंग्रजी आणि कोकणी नको. मोबाईलवरची पीडीएफ त्यांना वाचता येत नाही, पण प्रिंट मी काढून घेईन.

दुसरं असं की सलग बसलं की त्या अर्ध्यावर थकतात. रोज दोन-दोन स्थानं करून आठवड्यात चौदा पूर्ण केली तर चालेल का, की एका बैठकीतच व्हायला हवी? आणि एका स्थानाहून दुसऱ्याकडे चालत जायचं असतं, ते त्यांना जमणार नाही. त्यांनी खुर्चीत बसून राहायचं आणि मी भिंतीवरच्या चित्रांपुढून सरकत वाचायचं, असं कुणी घरी करतं का?