हायड्रॉलिक सिलिंडरची स्थिती स्पर्शाविना कशी मोजावी?

प्रश्न
आमच्या प्रेसच्या ४०० मि.मी. स्ट्रोकच्या (सरकण्याच्या अंतराच्या) सिलिंडरला बाहेरून लिनियर पोटेन्शिओमीटर (ट्रॅकवर घासत सरकणाऱ्या वायपरवरून स्थिती मोजणारा सेन्सर) बसवलेला आहे आणि दोन वर्षांत तो तिसऱ्यांदा बदलावा लागला आहे. जुना उघडला तेव्हा ट्रॅकवर नेमका जिथे रॅम दर सायकलला थांबतो तिथे बोटभर पट्टा घासून चकचकीत झालेला दिसला, वायपरच्या टोकांवर काळी पूड साचली होती, आणि रीडिंगही त्याच जागी उड्या मारत असे. याऐवजी काय लावावे? सिलिंडर उघडावा लागेल का?

उत्तर १
आपल्या कामासाठी मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह सेन्सर योग्य ठरेल. त्यातील तारेतून विजेचा स्पंद सोडला की सरकत्या चुंबकाच्या जागी तारेला सूक्ष्म पीळ बसतो आणि त्याची लहर सेकंदाला सुमारे २,८०० मीटर वेगाने परत येते. तिला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. झिजण्यासारखे काहीच नसते, शिवाय वीज जाऊन आल्यावर होमिंगही (शून्य स्थान पुन्हा शोधणे) करावे लागत नाही. एलव्हीडीटीसुद्धा (तारेच्या गुंडाळ्यांमध्ये सरकणाऱ्या गाभ्यावरून स्थिती मोजणारा सेन्सर) उत्तम आहे, पण एवढ्या स्ट्रोकला त्याची बॉडी फार लांब होते.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. मात्र सिलिंडर उघडण्याची घाई करू नये. आत बसणाऱ्या प्रकारासाठी पिस्टन रॉडमध्ये खोल छिद्र पाडावे लागते. ४५ मि.मी.च्या रॉडमध्ये १३ मि.मी.चे छिद्र पाडल्यास क्षेत्रफळ जेमतेम ८ टक्क्यांनी घटते, त्यामुळे ताकदीची फारशी चिंता नाही. खरी अडचण आहे ती सरळ छिद्र पाडण्याची आणि त्यासाठी मशीन बंद ठेवण्याची. आपला पोटेन्शिओमीटर बाहेरच आहे, तेव्हा त्याच जागी बाहेरून बसणारा प्रोफाइल प्रकार घ्यावा. चुंबक थेट लोखंडी ब्रॅकेटवर बसवू नये, कारण चुंबकीय क्षेत्र लोखंडात ओढले जाऊन सिग्नल क्षीण होतो. मध्ये पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमचा ब्रॅकेट लोखंडीच आहे, तो ॲल्युमिनियमचा करून घेतो. सेन्सरची केबल सध्या मोटरच्या ड्राइव्हच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून जाते. ती तशीच राहू द्यावी का?

उत्तर २
नाही, ड्राइव्हच्या केबलचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून ती वेगळ्या मार्गाने न्यावी आणि शील्डची (केबलवरील धातूच्या आवरणाची) जोडणी निर्मात्याच्या आकृतीनुसारच करावी. अन्यथा नव्या सेन्सरचे रीडिंगही उड्या मारेल आणि दोष विनाकारण सेन्सरवर जाईल.