मदत हवी आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर ३५(३)ची नोटीस, भावाने पोलीस ठाण्यात जावं का?

सोसायटीत पार्किंगवरून हाणामारी झाली. भावावर भारतीय न्याय संहितेची ११५(२), ११८(१), ३५१(२), ३५२ ही कलमं लागली आहेत. तपास अधिकाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो पाठवला: परवा ११ वाजता हजर राहा. वर फोनवर म्हणाले, "आईलाही आणा, दोन सह्या करून जा." आई ६२ वर्षांची, भांडण तिच्यासमोर झालं. अटक होईल का? एक जण म्हणतोय, जाऊच नका.

काळा कोट:
त्या 'एका जणा'चं ऐकू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३)ची नोटीस म्हणजे सध्या अटकेची गरज नाही, तपासाला या. हजर राहिलं तर अटक करायची नाही. करायचीच झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. दांडी मारली की अटकेचं कारण आपणच हातात देतो. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण तेवढ्यावर घरी बसू नका. जा आणि कागदी प्रत मागा.

११५(२), ३५१(२), ३५२ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची ३२३, ५०६, ५०४. तिन्ही अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास किंवा अटक करू शकत नाहीत. एवढीच असती तर एन.सी.वर (ठाण्यातल्या अदखलपात्र नोंदीवर) भागलं असतं. घोळ ११८(१)चा आहे, म्हणजे जुनं ३२४: घातक हत्याराने दुखापत, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र आणि अजामीनपात्र. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो ठाण्यात हक्काने मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, हे वकिलांशी परवाच्या आत ठरवा. एफआयआरची प्रत पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर सहसा मिळते.

टाचणी:
सह्यांचं बघा. तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ सांगतं (खालची कलमंही त्यातलीच). नोटिशीच्या पोचेवर सही करा, खाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला. कोऱ्या कागदावर अजिबात नाही.

आईला नेऊ नका. साक्षीदार स्त्री असेल, किंवा ६० वर्षांवरची व्यक्ती असेल, तर कलम १७९प्रमाणे तिला ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

भावाने अर्ज दोन प्रतींत न्यावा: "नोटिशीप्रमाणे आज ११ वाजता हजर आहे." दुबार प्रतीवर ठाणे अंमलदाराचा शिक्का, तारीख, वेळ घ्या. हे राहून गेलं की माणूस चार तास बाकड्यावर बसतो आणि कागदोपत्री 'गैरहजर' ठरतो.

काळा कोट:
अटक करून चौकशी केली तर त्यादरम्यान वकिलांना भेटता येतं (कलम ३८), पण ते पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाहीत. अटक झालीच तर कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळायला हवीत; सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५च्या निकालाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलंय. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.

प्रश्नकर्ता:
एफआयआर मिळाली. हत्यार म्हणून 'कुंडी' लिहिलंय.

काळा कोट:
मातीची की प्लास्टिकची? ती जप्त झाली का? मृत्यू येऊ शकेल अशी वस्तू होती का, यावर ११८(१) टिकेल की नाही ते ठरतं. दवाखान्याच्या दाखल्यात जखम कुठे आणि कशी लिहिलीय, तेही वकिलांना आजच बघायला सांगा.