"$@" पुरतं, पण एसएसएच आलं की नाही
एक शेल स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) आतून दुसरीला चालवते. बाहेरच्या स्क्रिप्टला 'लग्न फोटो २' असं फाइलनाव दिलं की आतल्या स्क्रिप्टला त्याचे तीन तुकडे मिळतात, ही मूळ तक्रार. त्यावर "$*" वापरा असा सल्ला वर आलाय, पण त्याने उलटंच होईल. सगळी आर्ग्युमेंट्स (स्क्रिप्टला दिलेली फाइलनावं वगैरे) चिकटून एकच लांबलचक शेपूट तयार होईल. आतल्या स्क्रिप्टला बोलावताना "$@" (म्हणजे मिळालेली सगळी आर्ग्युमेंट्स, वेगवेगळी) लिहा, आणि दुहेरी अवतरणचिन्हांसकट. तीन आली तर तीनच पुढे जातात, मधल्या स्पेस शाबूत. रिकामं आर्ग्युमेंटसुद्धा गळत नाही.

खरी गंमत एसएसएचला (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायचं साधन). तिथे "$@" पुरत नाही, कारण एसएसएच सगळं स्पेसने जोडून एकच ओळ पलीकडे पाठवतं आणि तिथलं शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ती नव्याने फोडतं. माझी एक अख्खी रात्र यात गेली (बॅकअप झालाच नव्हता, हे सकाळी कळलं). बॅश या शेलच्या प्रिंटएफ कमांडमध्ये टक्का-क्यू (%q) आहे, तो मजकूर शेलला पुन्हा तसाच वाचता येईल असा लिहितो. प्रत्येक आर्ग्युमेंट त्यातून काढून पाठवा, स्पेसच्या आधी बॅकस्लॅश लागून येतो. पलीकडेही बॅशच हवं, एवढं बघा.

इव्हॅलच्या (दिलेला मजकूर कमांड म्हणून चालवणाऱ्या कमांडच्या) मात्र नादी लागू नका. फाइलनावात कुणी अर्धविराम घातला, की त्यापुढचं सगळं कमांड म्हणून चालतं.