मदत हवी आहे : सुट्टीतील मुलांसाठी तर्ककोडी तयार करताना उत्तर एकच निघेल, याची खात्री कशी करावी?

नमस्कार.

अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातील एका लहान गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत भरणारे मुलांचे वाचनालय मी सांभाळते. तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या आमच्या मुलांना २५ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी असते. गावातील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांना मात्र नाताळचा तेवढा एक दिवस मिळतो, त्यामुळे ती सायंकाळी शाळा सुटल्यावर येतात. घरची मोठी माणसे या दिवसांत कापसाच्या वेचणीत नाहीतर संत्र्याच्या तोडणीत गुंतलेली असतात. म्हणून सात ते तेरा वयाची बारा-पंधरा मुले आठवडाभर माझ्याकडे असतात आणि त्यांना तर्ककोड्यांची चांगलीच गोडी लागली आहे.

गेल्या वर्षी शहरातील एका परिचितांनी नाताळच्या कोड्यांचे भाषांतरित कागद पाठवले होते. कोडी वाईट नव्हती, परंतु त्यांत बर्फाची माणसे होती, रेनडिअर होते आणि "चिमणीजवळच्या मोज्यात लाल भेट नव्हती" असे एक सूत्र होते. आमच्या मुलांना बर्फ ठाऊक आहे तो रसवंतीवरचा. चिमणी म्हणजे त्यांच्या लेखी एकतर वळचणीला घरटे करणारी, नाहीतर वीज गेल्यावर आजी लावते ती रॉकेलची. दुसरीतल्या एका मुलाने बराच विचार करून विचारले, "मावशी, चिमणीतून मानूस कसा येईन?" त्याचे तर्कात काहीच चुकले नव्हते, कोडे त्याच्या घरापर्यंत पोचले नव्हते, इतकेच. तेव्हापासून मी स्वतःच कोडी रचू लागले आणि त्यातच माझी फजिती झाली. यंदा पहिल्याच दिवशी मी दिलेले कोडे जसेच्या तसे देते.

चिंगी, मोना, बंटी आणि गुड्डू ही चार भावंडे हुरडा खायला एकामागून एक शेतावर पोचली. प्रत्येकाने एकच वस्तू आणली होती : गूळ, बोरे, संत्री किंवा तुरीच्या शेंगा. कोण कितवे पोचले आणि कोणी काय आणले, ते सांगा.
पहिले सूत्र : मोना सर्वांच्या आधी पोचली.
दुसरे सूत्र : गुड्डू सर्वांत शेवटी पोचला आणि त्याने बोरे आणली होती.
तिसरे सूत्र : संत्री आणणाऱ्याच्या लगेच मागून चिंगी पोचली.
चौथे सूत्र : गूळ चिंगीने आणला नव्हता.

माझ्या मनातील उत्तर असे होते की मोना संत्री घेऊन पहिली, चिंगी शेंगा घेऊन दुसरी, बंटी गूळ घेऊन तिसरा आणि गुड्डू बोरे घेऊन चौथा. चौथीतल्या एका मुलीने बंटीला संत्री देऊन दुसरा केला, चिंगीला शेंगांसह तिसरी केली आणि गूळ मोनाच्या हाती दिला. मी घाईत तिच्या कागदावर लाल रेघ ओढली. ती भांडली नाही. कागद माझ्यासमोर ठेवून एकेका सूत्रावर बोट ठेवत गेली आणि चौथ्यावर थांबून म्हणाली, "मावशी, हे बी तं बरोबर हाये ना?" तिचे उत्तर खरोखरच बरोबर होते. मी सर्वांसमोर चूक कबूल केली, पण ती लाल रेघ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

नवोदयच्या प्रवेशपरीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. त्यामुळे "हे नवोदयला येते का?" हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि चार पर्यायांतील एकच बरोबर असतो, हे मुलांच्याही अंगवळणी पडलेले असते. अशा मुलांना दोन उत्तरांचे कोडे नकळत देणे मला योग्य वाटत नाही.

माझी विचारणा अशी आहे की कोडे मुलांच्या हाती देण्यापूर्वी त्याला दुसरे उत्तर नाही, हे संगणकाशिवाय, कागद-पेन्सिलीवर कसे तपासावे? शिवाय सात वर्षांचे मूल आणि तेरा वर्षांचे मूल एकाच सतरंजीवर बसलेले असताना दोघांनाही पुरेल असे काय द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (यवतमाळ जिल्हा, माध्यमिक शिक्षक)

ताई, लाल रेघेचे फार मनावर घेऊ नका; आम्ही अशा रेघा पगार घेऊन ओढतो.

मी एक सोपी चाचणी वापरतो. आपले उत्तर लिहून काढावे, त्यातील कोणत्याही दोन गोष्टींची अदलाबदल करावी आणि एखादे सूत्र मोडते का, ते पाहावे. प्रत्येक अदलाबदलीत काहीतरी मोडले, तर कोडे पक्के समजावे. लहानांसाठी मी चार बाय चारचे सुडोकू देतो, आकड्यांऐवजी संक्रांतीची चित्रे घेऊन : तीळ, गूळ, बोर आणि पतंग. तिथेही हेच तत्त्व लागू पडते. दिलेल्या घरांमध्ये चारपैकी दोन चित्रे एकदाही आली नसतील, तर पूर्ण उत्तरात त्या दोघांची सर्वत्र अदलाबदल करता येते आणि एकही नियम मोडत नाही. म्हणजे उत्तरे किमान दोन झालीच. म्हणून किमान तीन वेगवेगळी चित्रे आधी दिसलीच पाहिजेत. ती दिसली म्हणजे उत्तर एकच असेल असे मात्र नाही, आणि चारपेक्षा कमी घरे भरून दिली तर ते कधीच एक निघत नाही.

प्रतिसाद २ (अकोला)

सरांचा सुडोकूविषयीचा मुद्दा अगदी बरोबर आहे, परंतु अदलाबदलीची चाचणी ताईंच्याच कोड्यावर लावून पाहावी. तिथे ती फसते. ताईंच्या उत्तरात चिंगी आणि बंटी यांचे फक्त क्रमांक बदलले, तर तिसरे सूत्र मोडते. मोना आणि बंटी यांच्या फक्त वस्तू बदलल्या, तरी तेच मोडते. इतर कोणतीही एकेरी अदलाबदल केली, तरी काही ना काही मोडतेच. मात्र हे दोन्ही बदल एकाच वेळी केले की सर्व सूत्रे सुखरूप राहतात आणि त्या मुलीचे उत्तर समोर येते. एकेरी अदलाबदलीतून सुटलेली चूक दुहेरीत सापडते, म्हणून मी शक्यता मोजण्याची पद्धत वापरतो. ती दिसते तितकी अवघड नाही.

चार मुलांचे क्रम २४ आणि वस्तूंच्या वाटण्याही २४, म्हणजे सुरुवातीला एकूण ५७६ शक्यता आहेत. मोना पहिली म्हटल्यावर क्रम सहाच उरतात आणि शक्यता १४४ होतात. गुड्डू शेवटी आणि बोरे त्याच्याकडे, हे कळल्यावर क्रम दोन व वाटण्या सहा, म्हणजे १२ शक्यता राहतात. येथून पुढे बोटांवर मोजता येते. चिंगी दुसरी असेल तर संत्री मोनाकडेच हवी. चिंगी तिसरी असेल तर ती बंटीकडे हवी. दोन्ही बाजूंना उरलेल्या दोन वस्तू दोन प्रकारे वाटता येतात, म्हणून एकूण चार शक्यता झाल्या. (आपण "लगेच" हा शब्द लिहिला नसता, तर चाराऐवजी सहा उरल्या असत्या. या एका शब्दाने दोन शक्यता घालवल्या.) शेवटी, गूळ चिंगीकडे नव्हता हे सूत्र दोन्ही बाजूंची एकेक शक्यता काढून टाकते आणि दोन उरतात. आपले चौथे सूत्र दोन्हीकडे सारखेच काम करते, त्यामुळे निवाडा होत नाही. शेवटच्या सूत्राने एक बाजू पूर्ण बंद करायला हवी.

त्यासाठी पाचवे सूत्र जोडण्याची गरज नाही. चौथ्याच्या जागी "गूळ एका मुलाने आणला होता, मुलीने नाही" असे लिहावे. गुड्डूकडे बोरे असल्यामुळे गूळ बंटीचा ठरतो, मग बंटीकडे संत्री असू शकत नाही आणि चिंगी तिसरी असण्याची शक्यता तिथेच संपते. उत्तर एकच राहते आणि तेही आपल्या मनात होते तेच.

रचताना मी प्रत्येक सूत्रापुढे पेन्सिलीने उरलेल्या शक्यतांचा आकडा लिहीत जातो. शेवटचा आकडा १ आला नाही, तर कोडे बाहेर जात नाही. आकडा १ झाल्यावरही सूत्रे शिल्लक असतील तर ती काढून टाकतो किंवा लहान मुलांच्या प्रतीत राहू देतो. एकच कोडे दोन वयांना देण्याचा हाही एक मार्ग आहे, कारण जास्त सूत्रांचे कोडे सोपे असते, जरी मुलांना लांब मजकूर पाहून उलटेच वाटत असले तरी.

या जातीचे प्रसिद्ध कोडे म्हणजे पाच घरे, पाच देशांची माणसे आणि "झेब्रा कोणाचा?" हा प्रश्न. ते डिसेंबर १९६२ मध्ये 'लाइफ इंटरनॅशनल' या नियतकालिकात छापून आले होते. आइन्स्टाइनने ते लहानपणी रचले असे सर्रास पुढे पाठवले जाते, पण त्याला कोणताही पुरावा नाही. आपल्या मुलांना ते एकदम देऊ नये. पाच बाय पाचला तेरा वर्षांची मुलेही कंटाळतात.

प्रतिसाद ३ (वर्धा जिल्हा)

मी गणितातली नाही, पण सतरंजीवरच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गाणी झाल्यावर डब्यातील खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट, कोरडे की ओले, तळलेले की भाजलेले असे विचारत विचारत मुली डब्याच्या झाकणापर्यंत पोचतात. डबा हलवून आवाजावरून ओळखणारी एखादी मुलगी प्रत्येक गल्लीत असते. हे तर्ककोडेच आहे आणि त्यासाठी वाचता येण्याचीही गरज नाही.

मी नातवंडांना हिवाळ्यात हाच खेळ देते, फक्त थोडा आवळून. सोळा वस्तूंची नावे चिठ्ठ्यांवर लिहून मांडते आणि त्यातील एक मनात धरते. सात-आठ वर्षांच्या मुलांनी हवे तितके प्रश्न विचारावेत. मोठ्यांना मात्र "हो" किंवा "नाही" एवढेच उत्तर मिळते आणि प्रश्न चारच. चांगला प्रश्न चिठ्ठ्यांचे दोन सारखे भाग करतो. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन आणि दोनाची एक. "तिळाचा लाडू आहे का?" असे पहिल्याच प्रश्नात विचारणारा हमखास अडकतो. प्रत्येक "नाही" नंतर चिठ्ठ्या उलट्या करण्याचे काम लहानांकडे द्यावे. मग ती मोठ्यांच्या चुका काढण्यात इतकी रमतात की आपण स्वयंपाकघरात जाऊन यावे.

एक सावधगिरी सुचवते. नऊ संत्र्यांतील एक हलके आहे, तराजूने दोनच वजनांत शोधा, हे कोडे मी वरूडच्या मुलांना देणार नाही. बागायतदाराच्या घरचे मूल पहिल्याच वाक्याला म्हणेल की बाकीची आठ सारख्या वजनाची असूच शकत नाहीत. तिथे लाडू घ्यावेत, तेही एकाच साच्यातले आहेत असे सांगून.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मान्य. माझी चाचणी आजवर माझ्या कोड्यांवर चालली, कारण ती कोडी तीन बाय तीनची आणि साधी होती. अकोल्याच्या मित्रांची आकडे लिहिण्याची रीत मी उद्यापासून उचलतो.

खरे-खोटे बोलण्याची कोडी द्यायची असतील, तर वाक्ये तीनच ठेवावीत. उदाहरणार्थ, एक लाडू नाहीसा झाला आहे आणि तिघांपैकी एकानेच तो खाल्ला आहे. राजू म्हणतो, "मी खाल्ला नाही." पिंकी म्हणते, "सोनूने खाल्ला." सोनू म्हणतो, "पिंकी खोटे बोलते." तिघांपैकी एकच खरे बोलत आहे. प्रत्येकाला आळीपाळीने चोर मानून पाहिले की राजूच सापडतो, कारण पिंकी किंवा सोनू चोर मानले तर दोघांची वाक्ये खरी ठरतात. यात तपासण्याच्या शक्यता तीनच असल्यामुळे उत्तर एकच आहे, हे मुलांकडूनच फळ्यावर सिद्ध करून घेता येते. वर्गातील खरी नावे मात्र घालू नयेत. एकदा मी घातली होती आणि आठवडाभर एक मुलगा "लाडूचोर" राहिला.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. भुलाबाईची खिरापत मी लहानपणी वर्षानुवर्षे ओळखली आहे, पण ती या कामी येईल, हे मला सुचले नव्हते.

काल सोळा चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. मोठ्या मुलांचा पहिला गट पाचव्या प्रश्नाची भीक मागू लागला, तेव्हा चिठ्ठ्या उलटणाऱ्या पहिलीतल्या मुलीने ती साफ नाकारली. हुरड्याचे कोडे चौथे सूत्र बदलून पुन्हा दिले आणि या वेळी खाली एक ओळ वाढवली : दुसरे उत्तर असेल तर तेही लिहा, नसेल तर का नाही ते लिहा. लाल रेघवाल्या मुलीने अर्धा तास घेतला. तिने चौकटींचा तक्ता आखून बंटी आणि संत्री यांच्या घरात इतकी जोरात फुली मारली होती की कागद फाटला होता. खाली लिहिले होते, "बंटीकडे गूळ हाये, दोन वस्तू कोनीच आनल्या नाही, मनून दुसरं उत्तर नाही."

अकोल्याच्या दादांना एकच विचारायचे आहे. चार प्रकारच्या गोष्टींचे कोडे, म्हणजे मूल, वस्तू, क्रमांक आणि शिवाय शेतावर येण्याचे साधन (बंडी, सायकल, एसटी, पायी), रचायला घेतले तर सुरुवातीचा आकडा ५७६ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ होतो. प्रत्येक सूत्रानंतर तो हाताने मोजणे मला जमेल असे वाटत नाही. अशा वेळी आधी क्रम आणि वस्तू यांचा निकाल लावून, मग साधनांची सूत्रे वेगळी तपासली तर चालेल का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

चालेल, पण एका अटीवर. क्रम व वस्तू यांची सूत्रे स्वतःच्या बळावर १ पर्यंत यायला हवीत. ती आली की साधनांच्या २४ शक्यताच मोजायच्या उरतात. "सायकलवाल्याने बोरे आणली" यासारखी दोन्हीकडे पाय असलेली सूत्रे दुसऱ्या टप्प्यातच ठेवावीत. असे कोडे थोडे सोपे होते, कारण मुलेही ते त्याच दोन टप्प्यांत सोडवतात. पहिल्या वर्षी तेवढे पुरे. तयार झाले की येथे टाका, मी आणि सर दोघेही हाताने तपासून देऊ.