प्रादेशिक सेनेच्या जवानांना फायरिंगचा पुरेसा सराव कसा मिळणार?

धरमपेठकर:
मी नागपुरात नोकरी सांभाळून प्रादेशिक सेनेत सेवा करतो. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या सेनेत आमच्या वाट्याला वर्षाकाठी प्रशिक्षणाचे मोजकेच दिवस येतात, आणि तेवढ्यातच हत्यार हाती बसवायचे असते. लांब पल्ल्याची रेंज मात्र इतर तुकड्यांचे फायरिंग आटोपल्यावर मिळते. मागच्या खेपेस आम्ही पहाटे साडेपाचला निघालो, दहा वाजेपर्यंत झाडाखाली बसून राहिलो आणि माझ्या वाट्याला पाच गोळ्या आल्या. उरलेला वेळ रिकाम्या पुंगळ्या शोधून, मोजून जमा करण्यात गेला. प्रसंग आला तर याच सरावाच्या भरवशावर आम्हाला उभे राहायचे आहे. इतरांचा अनुभव काय आहे?

माजी सुभेदार, कामठी:
तुमची तक्रार रास्त आहे. रेंज म्हणजे नुसते मोकळे मैदान नव्हे. गोळी अडवायला मातीचा उंच बट, टार्गेटवर गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या मार्करांसाठी खंदक आणि बटामागे दूरवर निर्मनुष्य जमीन लागते. वस्ती जवळ आली की ही जमीन राखणे कठीण होते आणि मग सगळ्यांचा भार उरलेल्या रेंजवर पडतो. काही जण म्हणतात, २५ मीटरची आखूड रेंज पुरे. ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ लावणे, शिकायला ती चांगलीच आहे, पण तिथे नेमात राहिलेला एक सेंटीमीटरचा फरक ३०० मीटरवर १२ सेंटीमीटर होतो, शिवाय वारा आणि गोळीचे खाली येणे तिथे कळतच नाही.

वर्धा रोडवरून:
दहाची वेळ मलाही खटकली. आपल्याकडे मे महिन्यात त्या सुमारास जमिनीवरून झळा उठतात आणि लांबचे टार्गेट पाण्यात असल्यासारखे हलते. अर्धवेळ जवानांना रेंजच्या तारखा वर्षाच्या आरंभीच ठरवून द्याव्यात, आणि त्याही सकाळच्या, म्हणजे कामावरून रजाही वेळेत मागता येईल.

माजी सुभेदार, कामठी:
सहमत आहे. तोवर आपल्या युनिटमध्ये उस्तादांच्या देखरेखीखाली, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नळीवर नाणे ठेवून ट्रिगर दाबण्याचा सराव करा. नाणे पडले, तर हात हलला. फायरिंगची जागा हा सराव घेऊ शकत नाही, मात्र मिळालेल्या पाच गोळ्या वाया जात नाहीत.

धरमपेठकर:
आभारी आहे, साहेब. तारखा आधी ठरवून मिळाव्यात आणि फायरिंग सकाळी सहाला सुरू व्हावे, असा लेखी अर्ज आम्ही कंपनी कमांडरांमार्फत देत आहोत.